मोराची फरशी आणि माझ्यामागची बाकी व्यवस्था

मी, सुगत भीमा सूर्यतळ, वय सव्वीस, धंदा फरशी बसवणे, राहणार अहमदपूर (घर इथं आहे, मी असतो कुठंही), पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हा कागद लिहीत आहे. मला आजार नाही. उद्या विमानात बसायचं आहे आणि जे बसवणार त्यांच्यावर माझा पुरता भरवसा नाही, एवढंच कारण. बहीण विशाखा वकिली शिकते. ती म्हणाली, "दादा, चार दिवस गावाला जाताना कुणी मृत्युपत्र करतंय का?" म्हटलं, तू चुका तेवढ्या बघ.

झालं असं. आमच्या गल्लीत पोरींसाठी अभ्यासिका बांधली. नकाशा नांदेडच्या शिवांगी मॅडमचा, त्या आर्किटेक्ट. भिंतीला लावायला फरशी उरली नव्हती. पण घरोघर दोन-चार फरश्या जपून ठेवलेल्या असतात, पुढं एखादी फुटली तर तशीच मिळायची नाही म्हणून. पलंगाखाली, नाहीतर गच्चीवर टाकीमागं. मी त्या मागून आणल्या आणि रस्त्याकडची अख्खी भिंत त्यांचीच केली. आता स्पेन देशातून चिठ्ठी आली की इमारतीत टाईल उत्तम वापरल्याबद्दल या भिंतीला आंतरराष्ट्रीय पुरस्कार आहे. फरशीसाठी माणूस एवढ्या लांब बोलावतात, इथंच मला शंका आली. गावाला दुसरी आली. त्या फरश्यांना तिकडं लाखाचा भाव आहे असं कोणीतरी उठवलं, आणि तेव्हापासून लोक भिंतीसमोर उभे राहून सांध्यात नख घालून बघतात.

कलम १. अवजारे. कटर मशीन आणि काटकोन बघायचा गुण्या विशाखाला. विकावं, पण आधी आईला, सरजाबाईला विचारावं. रबरी हातोडी उदगीरच्या मलप्पा मिस्त्रींना परत, त्यांचीच आहे. त्यांनी मला ठोकून ऐकायला शिकवलं. खाली मसाला कमी पडला की फरशी भद्द वाजते. हे मी माहूरला लॉजच्या कामावर असताना पक्कं शिकलो, तिथला चहा फार चांगला होता, पण ते इथं नको. सांगायचं एवढंच की शिवांगी मॅडमचं बोलणं ठोकून बघितलं तर भरीव वाजतं, तरी शंका जात नाही.

कलम २. शिवांगी मॅडम. त्या म्हणाल्या, "सुगत, स्टेजवर तू हवास. भिंत तू बसवलीस." मी का हवा? मी गावाबाहेर गेल्यावर भिंतीजवळ कोण? परतीचं तिकीट दाखवा म्हटलं, तर मोबाईलवर दाखवलं. मोबाईलवर काहीही दिसतं. मॅडमना मी काही ठेवत नाही. त्या खऱ्या निघाल्या तर माझी माफी त्यांनी घ्यावी.

कलम ३. दयानंद, फरशीचा दुकानदार. बसवताना रोज येऊन म्हणायचा, "भंगार चिटकवायलास का रे?" परवा पेपरात भिंतीसमोर हात बांधून उभा आहे. त्याला तो फोटो पुरे.

कलम ४. भिंत. ती माझ्या नावावर नाही, हे मला कळतं. पण तिच्यात माझी मजुरी आहे. ती मी अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरींना देतो. एक फरशी उपटली की शेजारच्या तीन हलतात, कारण मी त्या अंगाला अंग लावून बसवल्यात. म्हणून ज्याला स्वतःची फरशी काढायची आहे त्याला आधी माझी मजुरी मोडावी लागेल, आणि ती पोरींची आहे, त्यांना विचारावं.

कलम ५. धोंडाबाई मावशी. आमच्या शेजारी. त्यांचं जुनं घर रस्त्यात गेलं, न्हाणीघरातल्या फरशीवरचा एक मोर तेवढा राहिला. तो भिंतीच्या मधोमध आहे. काल छिन्नी घेऊन आल्या.

"सुगत्या, माझा मोर काढून दे. ठेवायला दिल्ता, द्यायला न्हाई."

"मावशी, तूच म्हणलीस, घेऊन जा, पलंगाखाली इंचू बसायलेत."

"तवा त्येची किंमत कुठं ठाव हुती?"

त्यांच्यामागं हणमंतराव टेप घेऊन उभे. त्यांनी काळ्या फरश्या दिल्यात. "मी मोजून दिल्त्या," म्हणाले, आणि परत मोजल्या.

विशाखा सांगते, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही घ्यायचं नसतं. म्हणून मला या भिंतीबाबत ज्यांचं सगळ्यांत जास्त भय आहे त्या दोघांनाच साक्षीला घेतलं आहे. सही केली म्हणजे भिंतीतून काही काढणार नाही, असं धरावं. ते दोघं आपणहून आले. मी कागदात काय घालतो याची त्यांनाही शंका होतीच.

अहमदपूर, १२ जानेवारी २०२५
सही: सुगत भीमा सूर्यतळ

साक्षीदार
१. हणमंतराव. कागद मोठ्यानं वाचून दाखवला. माझ्या फरश्या पुऱ्या भरल्या. राहू द्याव्यात.
२. धोंडाबाई. सही स्वतःची, मजकूर त्यांनी सांगितला तसा विशाखाने लिहिला: "कलम पाच दोनदा वाचाय लावलं. पोरगं लई हुशार झालंय, कळलं मला. मोर माझाच हाय. पण छिन्नी लावणार न्हाई, कुणाला लावू बी देणार न्हाई. आजपासून भिंतीपाशी खाट टाकते. त्यानं परत यावं आन् ह्यो कागद माझ्यासमोर फाडावा."