नळाखाली धुतलेले बटाटे

उमरगा, रविवार, १२ जानेवारी २०२५, संध्याकाळचे सव्वासात.

बरोबर याच वेळी माझ्या मुलानं, समीरनं, मी केलेलं पुटीन नळाखाली धरून धुतलं. पुटीन म्हणजे तो राहतो त्या कॅनडातला पदार्थ. तळलेले बटाटे, त्यावर चीज आणि वरून गरम रस्सा. तो सुट्टीला आलाय म्हणून दिवसभर राबले. चीजच्या जागी घरचं पनीर घातलं, रश्शाच्या जागी येसराची आमटी. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत वाढतात तीच. येसर, म्हणजे धान्य-मसाल्याचं पीठ, आईच्या पद्धतीनं स्वतः भाजून दळलं होतं.

"आई, हे ऑथेंटिक नाही," म्हणाला आणि नळ सोडला. अन्न धुतं का कुणी? नळाखाली?

"आणि तू तिकडं येसराच्या आमटीत पीनट बटर घालून पाहुण्यांना वाढतोस, ते?"

हसला. "अगं, तिकडं कुणाला कळतंय!"

मी आमटीचं पातेलं उचलून फेकलं. त्याची भुवई फुटली. त्या धुतलेल्या बटाट्यांवर रक्त ठिबकलं. मी लाटणंही उचललं होतं. "मम्मी, सोडा! माराल त्याला!" म्हणत सुनेनं मनगट धरलं, म्हणून थांबले.

वाईट वाटतंय का? भुवईचं वाटतंय. फेकल्याचं नाही.

आता रात्री तो टाके घालून येऊन झोपलाय. दारावर चिठ्ठी लावतेय: समीर, इथं मला कळतं. माझ्या आईच्या येसरात यापुढं पीनट बटर घालणार की नाही, ते उद्या दुपारी बाराच्या आत लेखी कळव.