मुलुंडच्या सभेतले घावणे

मावशी, तू गेल्याला इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायचा तर आधी तुझा आवाज आठवावा लागतो. कान माझे पहिल्यापासून तिखट. घाटकोपरच्या डोंगरावर तुझी दीड खोलीची खाणावळ आणि मी गावाहून आलेला, पुठ्ठे कापणारा कामगार. पायऱ्यांवर चप्पल वाजली की कोण जेवायला येतंय ते मी न बघता सांगायचो. तू तव्यावरची भाकरी नुसत्या बोटांनी उचलायचीस, आणि आम्ही मेंबर मंडळी वाहवा करायचो, मावशीच्या हाताला चटका म्हणून बसत नाही! "गप जेवा मेल्यांनो," म्हणत तूही हसायचीस.

पुढे अंधेरीला खोके बनवायचा माझा स्वतःचा गाळा झाला, तरी रविवारचं जेवण तुझ्याकडेच. असाच एक रविवार. तू हंडा घेऊन पायऱ्या चढते आहेस आणि मला एकाच चपलेचा आवाज येतोय. पट्, मग काही नाही. पट्, मग काही नाही. "मावशे, एक चप्पल खालीच राहिली गो!" तू पायाकडे बघतेस. तुला कळलेलंच नसतं. सगळे हसतात, मी सगळ्यांत मोठ्याने.

त्या निसटलेल्या चपलेचा अर्थ कळला तो महिन्याभराने. औषधाच्या कारखान्यात खोके पोचवायला गेलो होतो. तिथे गोळ्या मागायला आलेले एक डॉक्टर मॅनेजरला समजावत होते, की कुष्ठरोगात पाय असा बधिर होतो की चप्पल निसटलेली कळत नाही, हात भाजलेला कळत नाही. मॅनेजर घड्याळ बघत होता. मी मात्र डॉक्टरांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेलो आणि पुढच्याच आठवड्यात तुला त्यांच्या दवाखान्यात नेलं. "कोणाक सांगू नको," एवढंच तू म्हणालीस. तीन औषधं एकत्र द्यायची नवी पद्धत तेव्हा नुकतीच आली होती, ती घेणाऱ्या पहिल्या रोग्यांपैकी तू. एका गोळीने तू काळवंडलीस. चाळीत कोणी विचारलं तर सांगायचीस, "गावाक जावन इलंय, ऊन लागला." डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, गोळ्या सुरू झाल्या की लागण पसरायची थांबते, खाणावळ खुशाल चालू दे. दोन वर्षं तू एक गोळी चुकवली नाहीस. बरी झालीस. मी रविवारी येतच होतो, तासभर बसून जायचो. धंदा वाढला होता, येताना घरूनच जेवून निघायचो.

पण दवाखान्याची कपाटं रिकामी व्हायला लागली. परदेशातून गोळ्या यायच्या त्या मोजक्या, आणि डॉक्टरांच्या टेबलावर वाट बघणाऱ्यांची यादी वाढत चाललेली. नवा रोगी घ्यावा तर औषध पुरेल याची खात्री नाही, आणि मध्येच थांबवलं तर आजार पुन्हा डोकं वर काढणार. मी शक्तीच्या टॉनिकचे खोके बनवून मोठा झालो, मावशी. तुझ्या गोळ्यांच्या खोक्यांची ऑर्डर मला कधी आली नाही. ज्यांच्या खिशात काही नाही आणि जे आजाराचं नावही घेत नाहीत, त्यांच्यासाठी कोण मशीन चालवणार? डॉक्टरांना मी म्हणालो, मागायचं काम माझ्यावर सोडा.

मुलुंडला व्यापाऱ्यांचं एक मंडळ होतं, दर महिन्याला दुपारची सभा. त्यांचा अध्यक्ष मला म्हणाला, "भाई, झडलेल्या बोटांचे फोटो नको दाखवू. जेवण जात नाय." आणि माझ्या डोक्यात कल्पना आली. झकास वाटली तेव्हा. तुला सांगितलं, शाकाहारी माणसं आहेत, घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं कर. तू पहाटेपासून खपलीस. त्यांनी दोन-दोनदा मागून खाल्लं. मग मी उभा राहिलो आणि तुला दाराशी बोलावून म्हणालो, "हे घावणे करणाऱ्या या माझ्या मावशीला कुष्ठरोग होता. औषधाने ती बरी झाली."

टाळ्या येतील असं मला वाटलं होतं. आला तो ताटल्या खुर्चीखाली सरकवल्याचा आवाज. एक, मग दुसरी, मग ओळीने. कोणीतरी हात धुवायला पळालं. अध्यक्षाच्या हातात मात्र शेवटचा तुकडा तसाच. तो म्हणाला, "तू स्वतः खातो काय हिच्या हातचं?"

"दर रविवारी," मी म्हणालो.

तो तुझ्याकडे वळला. "खरं काय, बाई?"

तू माझ्याकडे पाहिलंस. पदराला हात पुसलेस. "होय तर. दर रविवारी जेवता. झील तो माझो."

लेक म्हणालीस तू मला, आणि त्याने तो तुकडा तोंडात टाकला. त्याचं बघून दुसऱ्याने ताटली परत वर घेतली. त्या दुपारी जे जमलं त्यातून यादीतल्या सगळ्यांना पुरतील इतक्या गोळ्या आल्या.

परतताना टेम्पोत तू भांडी धरून बसली होतीस. घाटकोपर आलं. उतरताना म्हणालीस, "मी रांधूक होय म्हटलंय, झिला. सांगूक नाय." सभेच्या हॉलचा शिपाई तुझ्याच गल्लीतला निघाला. मेंबर एकेक करून कमी झाले. कोणाची बायको गावाहून आली, कोणाला पोटाचा त्रास सुरू झाला. वर्षाच्या आत तू चूल आवरलीस आणि गावी गेलीस. गोळ्या आणल्या म्हणून दवाखान्याने मला शाल दिली. ती मी घेतली.

हे पत्र टॉनिकच्या एका जुन्या खोक्यात राहील. कोणाला वाचून दाखवायची माझी छाती नाही, कारण खरं काय ते तुला आणि मलाच माहीत आहे. दवाखान्यात तुला नेलं त्या दिवसापासून मी तुझ्या हातचा एक घास खाल्ला नव्हता. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितल्यावरही नाही. तू दर रविवारी विचारायचीस, "जेवतंस मां?" आणि मी म्हणायचो, आत्ताच जेवून आलो गो. मुलुंडहून परतल्यावरही तू उरलेले दोन घावणे माझ्यासमोर ठेवलेस. भूक लागली होती मला, मावशी. मी पोट भरलंय म्हणालो.