पाद्री रविवारपर्यंत जगला पाहिजे

शनिवार, २९ जून

नाही वाचणार म्हणजे नाही वाचणार!

गावप्रमुख स्वतः पत्र घेऊन दारात. "बाई, उद्या मिस्सानंतर तुम्हीच वाचून दाखवा. गुरुवारी कुत्र्यांना रेबीजची लस, चर्चच्या अंगणात, फुकट. लोक तुमचं ऐकतात."

ऐकतात ना! चोवीस वर्षांपूर्वी ऐकलंच होतं. तेव्हाही अख्ख्या फ्लोरेस बेटावर रेबीज, असंच पत्र, असाच गोल शिक्का. कुत्र्यांची नोंदणी आहे, सगळी घेऊन या. मी मुख्याध्यापिका. सिस्टरांनी घोटून घेतलेला खणखणीत आवाज! चर्चच्या पायरीवरून वाचलं. गावातली झाडून सगळी कुत्री आली, दोरीला बांधून, रांगेत. नोंदणी करायला आलेल्यांच्या हातात वह्या नव्हत्या. सोटे होते.

आता पुन्हा माझाच आवाज हवाय. हौसच म्हणायची.

रविवार, ३० जून

गावप्रमुखांनीच वाचलं. "लसीकरण" शब्दावर तीनदा अडखळले. चौथ्यांदा फादरनी सांभाळून घेतलं.

परिणाम उत्तम! दुपारपर्यंत अर्धी कुत्री डोंगरावरच्या मळ्यांत रवाना. शेजारचा गाउदेन्स आपल्या कमांडनला घेऊन माझ्या दारावरूनच गेला. विचारलं, "कुठे निघालात?"

"कमांडनला हवापालट, बाई."

माणसांना डॉक्टरकडे न्यायला यांच्याकडे वेळ नसतो. कुत्र्याला हवापालट!

मंगळवार, २ जुलै

जनावरांची डॉक्टर आज घरी आली. पाहते तर सेर्वासिया! सहावीपर्यंत माझ्या वर्गात होती, भागाकार म्हटलं की रडायची. आता मोटरसायकलवर बर्फाची पेटी बांधून डोंगर चढते.

म्हणाली, पलीकडच्या डोंगरधारेवर महिन्यापूर्वी एक माणूस गेला. "पेल्यातलं पाणी बघून किंचाळायचा, बाई. चावलं त्याला त्याचंच कुत्रं. गावात शंभरातली सत्तर कुत्री टोचली तरच ही साखळी तुटते. पाच-दहा टोचून उपयोग नाही."

मी म्हटलं, "लोक आणणार नाहीत. आणि का आणावीत?"

तिने कॉफी ढवळली. मग म्हणाली, "त्या दिवशी रांगेत आमचाही कुत्रा होता. दोरी माझ्याच हातात होती."

मला ठाऊक नव्हतं. तिच्या कॉफीत दुसऱ्यांदा साखर घातली.

"मग तू तरी हे काम कसं घेतलंस?"

"कुणीतरी सुई घेऊन यायला हवं होतं ना, बाई."

गुरुवार, ४ जुलै

पत्र वाचायला तयार नव्हते. पण कुत्रा तर माझा आहे! सकाळी सातला पाद्रीला घेऊन चर्चच्या अंगणात हजर. (काळाकुळकुळीत, गळ्याशी पांढरा पट्टा. दुसरं काय नाव ठेवणार? फादर नऊ वर्षांपासून नाराज आहेत.)

पाचच कुत्री. त्यातलं एक फादरांचं. बाकीचं गाव भिंतीपलीकडे उभं, सर्कस बघायला आल्यासारखं. पाद्रीला सुई दिली. त्याने सेर्वासियाचा हात चाटला. निर्लज्ज!

भिंतीपलीकडून गाउदेन्स: "सुईनं कुत्रा मंदावतो, बाई. मग तो कोंबडीलाही भितो. माझा कमांडन डुकराला अडवतो. कान पाडून बसला तर मी काय भुंकू?"

त्याची बायको तेक्ला लगेच, "घरात तेच तर करता!"

मी म्हटलं, "बरं. काय पाहिलंत तर आणाल?"

मग गाउदेन्सच म्हणाला, "डॉक्टरीणबाई पुन्हा कधी येणार?"

"चौदा तारखेला, रविवारी," सेर्वासिया म्हणाली.

"तोपर्यंत तुमचा पाद्री जगू दे. धडधाकट राहू दे. मग आम्ही सगळे आणू. तुमचा शब्द, आमचा शब्द."

ठरलं. आता एका कुत्र्याने दहा दिवस जगायचं आहे. एवढी साधी गोष्ट.

शुक्रवार, ५ जुलै

साधी गोष्ट!

पाद्री सकाळपासून पडून. नाक गरम. सेर्वासियाला फोन केला. म्हणते, एखादा दिवस सुस्ती येते, घाबरू नका. मी घाबरत नाही. गाव घाबरतं. दहा वाजेपर्यंत सात जणांनी कुंपणातून डोकावलं. तेक्ला माशाचं डोकं घेऊन आली. एरवी एक काटा द्यायची नाही. "बघू, खातोय का." त्याने खाल्लं नाही. ती डोकं परत घेऊन गेली.

शनिवार, ६ जुलै

खाल्लं! भात, सुकी मासळी, आणि माझी डावी चप्पल. देवाचे आभार. चप्पल कुंपणावर टांगून ठेवली, गावाला दिसावी म्हणून.

रविवार, ७ जुलै

मिस्साला पाद्रीला सोबत नेलं. फादरांचा चेहरा कडू कारल्यासारखा. गाव मात्र प्रवचन सोडून कुत्र्याकडे बघत होतं. एवढं लक्ष चाळीस वर्षांत माझ्या वर्गात कुणी दिलं नाही.

मंगळवार, ९ जुलै

नवी अट! माझ्या केळींवर माकडं आली, पाद्री ओट्यावर बसून बघत राहिला. गाउदेन्स कुंपणाशी: "बघा. मंदावला."

अहो, हा कुत्रा जन्मात माकडामागे धावलेला नाही! मागच्या वर्षी माकडाने याच्या ताटलीतला भात खाल्ला, तर हा बाजूला सरकून बसला होता. पण नाही. आता तो आळशी असेल तर सरकारमुळे.

संध्याकाळी पोस्टमनवर तुटून पडला. अर्धी गल्ली साक्षीला. पोस्टमनला कॉफी पाजली.

गुरुवार, ११ जुलै

गाउदेन्सने कमांडनला मळ्यातून खाली आणलं. लवंग वाळत घातली आहे, राखायला कुत्रा हवा. त्याची तीन वर्षांची नात एल्ना त्याच लवंगांच्या चटईशेजारी कमांडनच्या पोटावर डोकं ठेवून झोपली होती. तिच्या हातांवर त्याच्या दातांचे ओरखडे. खेळताना होतात, तेक्ला म्हणाली.

"मळ्यात बाहेरची कुत्री येतात का हो?" मी विचारलं.

"येतात ना. परवा पलीकडच्या धारेवरचं एक आलं होतं. कमांडननं चांगलं लोळवलं त्याला!" किती अभिमान!

पलीकडची धार! तो माणूस गेला तीच. रविवारी पहिला नंबर कमांडनचा. मी स्वतः उभी राहीन.

शुक्रवार, १२ जुलै

पाद्री ठणठणीत. गाउदेन्स म्हणतो, कमांडनला आणीन. पलीकडची तीन घरंही. मळ्यातली कुत्री उद्या खाली उतरतील. डोंगरउतारावरून आत्ताच भुंकणं ऐकू येतंय. चोवीस वर्षांत इतकी कुत्री या गावात एकदम भुंकली नसतील. मला काही भरून वगैरे आलं नाही. धूर होता.

शनिवार, १३ जुलै

दुपारी सरपणाच्या ढिगाशी पाद्री केकाटला. धावले. हिरवा चापडा साप, फाट्यांमध्ये सरकताना पाहिला. गळ्याशी दोन टोचे. बघता बघता पट्टा सुजला.

सेर्वासियाला फोन. ती ओरडली नाही, म्हणूनच मला कळलं. "बाई, कुत्र्याला द्यायला सापाच्या विषावरचं औषध अख्ख्या फ्लोरेसमध्ये मिळायचं नाही. हलवू नका. जवळ बसा." मग, "बाई, उद्या…"

"मला कळतं," मी म्हटलं. "तू पेटी भरून ये."

हाक मारली असती तर गाउदेन्स धावत आला असता. पाला वाटून लावला असता. आणि मग बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं असतं. साप पाहिला मी एकटीने. कोण मानणार? सुई तर सगळ्यांनी पाहिली आहे.

पाद्रीला उचलून आत आणलं. दारं लावली. तो कण्हायला लागला तेव्हा रेडिओ मोठा केला. रोझरी चालू होती.

कुंपणापलीकडून तेक्ला: "बाई, आज भक्ती फार!"

"फार!" म्हटलं.

साडेचारला थांबला. डोकं माझ्या पायावर होतं.

घरामागे आल्याच्या वाफ्यात खणलं. अडुसष्ट वर्षांची पाठ. तेक्लाने विचारलं, एवढं खोल काय लावताय? म्हटलं, आलं खोलच लावावं लागतं.

रविवार, १४ जुलै

नव्वद कुत्री, गावातली जवळजवळ सगळी. कमांडन सगळ्यांच्या पुढे, एल्ना त्याच्या मानेला लोंबकळलेली.

गाउदेन्सने दोरी धरूनच ठेवली. "पाद्री कुठंय, बाई? दिसत नाही."

"घरी आहे. खाऊन झोपलाय."

"झोपलाय ना? मग झालं," म्हणाला, आणि दोरी सेर्वासियाच्या हातात दिली.