गल्लीकडची खिडकी

बेहाला, कोलकाता
३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. अनुराधास अनेक आशीर्वाद.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. माझा फोन तुझ्या लेकाने, विहंगने, लावून दिलाय आणि त्याची खोली भिंतीपलीकडेच आहे. या घरात कोण काय ऐकतं, याची मला खात्री राहिलेली नाही. पोस्टावर भरवसा अजून आहे.

ह्यांचा दमा दुर्गापूजेपासून फार वाढलाय. डॉक्टर म्हणाले, घरातलंच काहीतरी बाधतंय, ते शोधा, नाहीतर इस्पितळात ठेवावं लागेल. शोधायला मी बसलेच आहे. आधी औषधवाल्यावर संशय घेतला, मग कामवालीच्या धुपावर. शेवटी सापडल्या शेजारच्या मित्रबाई. सकाळी उठून मोहरीच्या तेलात मासे तळायचे, तो धूर जाणार कुठे? मी तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं हाच मासा, हेच तेल, तुमच्या दादांना कधी शिंक आली नाही. मी त्यांच्या बाजूची खिडकी कायमची लावून टाकली आणि वाऱ्यासाठी गल्लीकडची उघडी ठेवते. तरी ह्यांना आराम नाही.

विहंग ठीक आहे. हल्ली न सांगता भाजी आणतो. त्याचाही मला संशय येतो.

तुझी ताई,
शकुन

नागपूर
११ नोव्हेंबर २०२५

ती. शकुनताईस सा. न. वि. वि.

भाऊजींचं वाचून घास उतरेना. अडुळसा पाठवते आहे. मित्रबाईंशी मात्र भांडू नकोस गं. तुझ्या जिभेला शाळेत सिस्टर अगाथासुद्धा बिचकायच्या, त्या बिचाऱ्या बाईचं काय होत असेल!

कोलकात्याची हवाच थंडीत वाईट. विहंगच्या गाडीचा त्यात काही संबंध नसावा. सकाळी पाच मिनिटं खाली सुरू ठेवतो, तेवढंच. नव्या गाड्या धूर सोडत नाहीत म्हणे.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस, ही विनंती.

तुझी,
अनुराधा

बेहाला
१९ नोव्हेंबर २०२५

चि. अनुराधास आशीर्वाद, आज जरा हात राखून.

माझ्या पत्रात गाडीचा अवाक्षरानेही उल्लेख नव्हता. तुझ्या उत्तरात ती आली कुठून?

मित्रबाई आठवडाभर पुरीला आहेत. त्यांच्या स्वयंपाकघराला कुलूप आहे आणि गल्लीकडच्या खिडकीवर रोज काळी पूड जमते. तळणाचा धूर चिकट असतो, ही कोरडी काजळी आहे. काल विहंगने गाडी सुरू केली, तेव्हा मी खाली जाऊन धुराच्या नळीशी पांढरा रुमाल धरला. काळाकुट्ट. डिझेल आहे मावशी, एवढं चालायचंच, म्हणाला. नाही चालायचं! गाडी नवी आली तेव्हा मी त्याच नळीत बोट फिरवलं होतं, ते स्वच्छ निघालं होतं.

गाडी आवारात सुरू करायची नाही, असं बजावलंय. खिडकीही लावली. पण मी बाजारातून आले की ती पुन्हा उघडी. कोण उघडतं, तेही काढीनच.

तुला सगळं ठाऊक आहे. ह्यांच्या श्वासाचा प्रश्न आहे. उलट टपाली लिही.

शकुन

नागपूर
२६ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

त्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. शहरातल्या छोट्या फेऱ्यांनी तो तुंबायचा, गाडी ओढायची नाही. गणपतीनंतर एका रविवारी तू मंडळात गेलीस, तेव्हा विहंगने व्हिडिओ बघून तो काढला, सळईने आतून पोखरला आणि रिकामा डबा परत बसवला. लॅपटॉप जोडून गाडीच्या सूचनेचा दिवाही बंद केला.

पण तो एकटा नव्हता, ताई. टॉर्च भाऊजींनी धरला होता. कल्पनाही त्यांचीच. गोदीत जन्मभर इंजिनं उघडली, हे काय मोठंसं, म्हणाले. मोकळ्या झालेल्या इंजिनाचा आवाज ऐकायला रोज खिडकी तेच उघडतात. डॉक्टरांचं ऐकून विहंग तुला सांगायला निघाला होता. भाऊजींनीच अडवलं. मावशी तुला हाकलेल, मग माझ्याशी बोलायला कोण उरेल, असं म्हणाले. मला वाटलं, पाच मिनिटांनी काय होतंय. चुकलंच.

त्याला हाकलू नकोस.

अनुराधा

बेहाला
९ डिसेंबर २०२५

चि. सौ. अनुराधास अनेक आशीर्वाद.

हाकललेलं नाही. महाराज मेट्रोने ऑफिसला जातात आणि सुट्टीच्या दिवशी भिंती पुसतात. मित्रबाईंकडे मी स्वतः पुरणपोळ्या घेऊन गेले, माफी मागितली. त्यांनी ती अगदी सावकाश, चवीने घेतली.

खिडकीला मी कुलूप लावल्यापासून हे माझ्याशी बोलत नव्हते. ह्यांना दुपारी वाफ घ्यायची गरज लागेनाशी झाली, तीही मला कामवालीकडून कळली. काल मेकॅनिकने खाली नवा फिल्टर बसवला. तो नीट बसवतोय का, ते बघायला हे रागारागाने दोन मजले उतरले आणि तसेच चढून आले. दारातच माझ्यावर ओरडले: चांगल्या इंजिनाचा गळा आवळलास, पोराचा हिरमोड केलास, आणि बत्तीस वर्षांत तुला यंत्रातलं काही म्हणजे काही कळलं नाही! सगळं एका दमात.

तव्यावरची पोळी करपली. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

तुझ्यावर लोभ आहेच. भरवसा बसायला वेळ लागेल.

तुझी ताई,
शकुन