हजेरीत नसलेलं नाव

बँकॉक
२१ एप्रिल २००८, सोमवार

थोंगसायदादा,

नाही म्हणजे नाही. फोनवर एकदा सांगितलं, आता लिहून देतो, म्हणजे तुझ्या संस्थेतल्या विलायताईलाही वाचता येईल. माझं नाव तिथे घ्यायचं नाही. हात तुझे गेले, तू तुझ्या हातांबद्दल बोल. बोलायला तीन मिनिटं मिळणार, ती तुला एकट्यालाच पुरायची नाहीत, त्यात मला कशाला कोंबतोस?

नमस्कार राहिला. मी बरा आहे. आईचा गुडघा कसा आहे ते कळव. नव्या वर्षाला घरी आलो नाही म्हणून ती रुसली असेल. पण सरहद्दीची नदी ओलांडताना कागद विचारतात, आणि माझ्याजवळ कागद म्हणजे फक्त तुझं हे एक पत्र. इथेही सण होता. सगळं शहर एकमेकांवर पाणी ओतत होतं आणि मी शिवणाच्या कारखान्यात माळ्यावर कापडाच्या गठ्ठ्यांवर पडून होतो, कारण पोलीसही रस्त्यावरच होते. मालकीणबाई खाली कुलूप लावून गेली. जाताना म्हणाली, "पंखा लावून झोप, पण विजेचं बिल बघून."

तुझं पत्र खामदी ट्रकवाल्याने आणून दिलं. अक्षर फार सुंदर आहे. मी पहिल्यांदा त्या अक्षरावरच चिडलो. चौदा वर्षांत तुझं बोलणं माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या अक्षरात मी बघितलं नव्हतं. विलायताईने 'प्रिय भाऊ' असं लिहिलंय. तू असं कधी म्हणतोस? तू 'ए टोळा' म्हणतोस.

आणि तू आता स्वतः जेवतोस म्हणे. संस्थेने पट्टा दिला, त्यात चमचा बसतो. चांगलं आहे. चिकट भाताचा गोळा मात्र चमच्याने होत नाही, तो बोटांनीच दाबावा लागतो. मी नुसतं सांगतोय.

आता मुद्द्याचं. तू लिहिलंस ते मी नीट वाचलं, मला बावळट समजू नकोस. पुढच्या महिन्यात आयर्लंडला शंभरावर देशांचे साहेब बसणार, आणि तुझे हात नेले तसले बाँब कुणी बनवायचे नाहीत, टाकायचे नाहीत, असा कायदा लिहिणार. आणि लागलेल्या माणसांचं पुढे काय करायचं तेही लिहिणार. तिथेच गाडी अडलीय. 'पीडित' कुणाला म्हणायचं? काही साहेब म्हणतात, ज्याला लागलं तो पीडित. घरच्यांना धरत बसलो तर यादी संपायची नाही. विलायताईची माणसं म्हणतात, घरच्यांनाही धरा. आणि हे पटवायला तुला एक घर दाखवायचंय, आपलं.

तुमच्या संस्थांना तिथे मत नाही म्हणतोस. मागच्या रांगेत बसायचं आणि मतदानाला हात वर करायचा नाही. (हसलास ना? मला माहीत होतं. म्हणूनच लिहिलं.) मग तुम्ही करता काय, तर चहाच्या वेळी दारात उभे राहता, म्हणजे साहेबाला चहापर्यंत जायचं तर तुमच्या समोरूनच जावं लागतं. मागे आपल्या व्हिएन्तिआनच्या बैठकीत एका गोऱ्या साहेबाने सवयीने हात पुढे केला, मग चपापून मागे घेतला, आणि तू आपलं कोपर पुढे केलंस. त्याने ते दोन्ही हातांत धरलं आणि सोडेचना. हे तू मोठ्या कौतुकाने लिहिलंयस. मला वाचताना लाज वाटली. कुणाची, ते सांगता येत नाही.

विचारल्याशिवाय भावाचं नाव घ्यायचं नाही असं संस्थेने तुला बजावलं, हे मात्र बरं केलं. विचारलंस. उत्तर मिळालं. मला काही लागलं नाही. मी त्या वेळी ओढ्यावर पाण्याला गेलो होतो. आवाज ऐकला आणि पळत आलो, एवढंच. माझी दहाही बोटं शाबूत आहेत आणि दिवसाला चारशे बटणं लावतात. परक्या देशात कुणी माझं नाव घेऊन 'अरेरे' म्हणायला नको.

आणि शाळेचं विचारलंस तर मला शाळा आवडत नव्हती. असंच सांग.

शर्टाची बटणं तिथे कोण लावणार तुझी? ते लिहिलं नाहीस.

२३ एप्रिल, बुधवार

पत्र अजून माझ्याजवळच आहे. खामदी शनिवारी परत जाणार, तोवर लिहायला जागा आहे.

काल त्याने आईची पुडी दिली. द्यायची विसरला होता, सीटखाली होती. म्हणाला, "तुझ्या आईने शपथ घातलीय, पायाखाली ठेवू नकोस म्हणून. मी पायाखाली नाही ठेवली, बुडाखाली ठेवली." आत केळीच्या पानात गुंडाळलेले पांढरे दोरे होते. नव्या वर्षाच्या पूजेतले. दोन जुड्या, एकीला हळद लावलेली.

हळदीची तुझी, हे मला न सांगता कळलं.

तुला ते पहिलं वर्ष आठवतं का रे? तू इस्पितळातून आलास, तेव्हा तुझा जीव अंगात परत बोलवायला सगळं गाव जमलं होतं. म्हातारबाबांनी मंत्र म्हटले, कोंबडी उकडली होती, आणि आई दोरा बांधायला तुझ्यापुढे बसली. मनगटच नव्हतं. तिने कोपराच्या खाली बांधला, तो घसरून ताटात पडला. परत बांधला, परत पडला. मग तिने कुणाकडे न बघता माझा हात ओढला आणि तुझा दोरा माझ्या उजव्या मनगटावर बांधला. म्हातारबाबा म्हणाले, "चालतं. जीव ओळखतो आपलं घर." तेव्हापासून दर वर्षी डावा माझा, उजवा तुझा. मी आठ वर्षांचा होतो. मला वाटायचं, आपल्याला दोन मिळतात, मज्जा.

पण दोरा आपला आपल्याला बांधता येत नाही. मग मी नुआनमावशीकडे गेलो. माझ्या शेजारच्या मशीनवर बसते, नदीच्या अलीकडच्या इसानची आहे, तिच्याकडेही हेच करतात. तोंडाची फटकळ आहे.

"दोन्ही हात?" म्हणाली. "लग्न ठरलं की काय?"

"उजवा भावाचा आहे."

"मग भावाला बांध की."

तेव्हा सांगावं लागलं, दादा. तीन वर्षांत मी इथे कुणाला सांगितलं नव्हतं. ती गाठ मारत होती आणि मी बोलत होतो. लसणाचा वाफा, तुझी कुदळ, जुन्या लढाईतला, मातीत राहिलेला तो चेंडूएवढा बॉम्बी, माझी घागर. मग तुझी शाळा. तुला वर्गात परत बसवायचं तर लिहिणारा हवा, म्हणून तिसरीतून माझं नाव काढलं आणि मला तुझ्या बाकावर बसवलं. त्या वर्गाच्या हजेरीत माझं नाव नव्हतं. गुरुजी थोंगसाय म्हणायचे, तू हजर म्हणायचास, आणि मी पेन्सिलीला टोक करायचो. आठवीपर्यंतच्या तुझ्या सगळ्या वह्या मी लिहिल्या.

मावशी म्हणाली, "म्हणजे तू आठवी शिकलास."

"नाही. तिसरी."

"अरे, लिहिलंस तू ना सगळं?"

"लिहिलं मी, शिकला तो."

"बरं," म्हणाली. दाताने दोरा तोडला. "मला वाटत होतं तू कुणाची तरी पोरगी पळवून इकडे आलायस. त्यात तरी काही मजा होती." मग थोड्या वेळाने मशीन थांबवून विचारलं, "तुला काय लागलं मग त्या बाँबचं?"

मी म्हटलं, काही नाही. आणि कॉलर लावायला घेतली. ती उलटी लागली. उसवून परत लावली, परत उलटी. मावशीने माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतः लावून दिली. ती सरळ लागली म्हणून मला जास्त राग आला.

आज सकाळी कापायच्या टेबलावर होतो. मालकीणबाई म्हणाली, अस्तराला पाऊण मीटर आणि बाह्यांना अर्धा, मिळून किती फाडू? मी म्हटलं सव्वा. ती अजून बोटांवर मोजत होती.

आणि मला तुझी सातवीची परीक्षा आठवली.

हे मी तुला कधी सांगितलेलं नाही. बुनथान गुरुजींनी पेपरच्या आधी मला बाहेर नेऊन बजावलं होतं, "सेंग, तू आज हात आहेस. हात विचार करत नसतो. थोंगसाय जे सांगेल तेच कागदावर उतरलं पाहिजे." मी मान हलवली. गणिताच्या पेपरात तोच प्रश्न होता. पाऊण आणि अर्धा मिळून किती. तुला घाई झाली होती, बाकीचे उठायला लागले होते. तू म्हणालास, "एक. लिही, एक."

मी पेन्सिल धरून थांबलो. तू कोपराने ढोसलंस. "लिही ना, टोळा."

मी एक लिहिलं.

मला येत होतं, दादा. ते एकच नाही, पुढचे दोनही येत होते. तू शिकत होतास तेव्हा माझ्याही कानांवर पडत होतं, आणि कानात गेलेलं बाहेर काढता येत नाही. घरी येताना तू विचारलंस, "कसा गेला पेपर?" मी म्हटलं, "मला काय माहीत." आणि आपण ओढ्यात उतरलो, तुझ्या पाठीवर मी पाणी ओतलं.

शाळा आवडत नव्हती हे वर लिहिलंय, ते खोडत नाही. खोडलं की कागद घाण दिसतो. पण ते खोटं आहे, एवढं इथे लिहितो.

तू तिथे काय सांगणार ते विलायताईने पत्रात लिहिलंय, "माझ्या भावाने माझ्यासाठी शाळा सोडली." असं नको. हे ऐकून ते साहेब नुसती मान हलवतील आणि चहाला जातील. मी सोडली नाही. आणि मी फार चांगला भाऊ आहे असंही करू नकोस. मी तुझ्या भातात मुद्दाम जास्त मिरची घालायचो, ते तुला माहीत आहे.

तू असं सांग. सांग की एक बाँब फुटला आणि दोन मुलं शाळेतून गेली, त्यातला एक वर्षभराने परत आला. सांग की दुसरा त्याच बाकावर पाच वर्षं बसला आणि त्याची हजेरी कुणी घेतली नाही. त्याला सव्वा येत होतं, पण त्याने एक लिहिलं. एवढं घड्याळ लावून बोलून बघ. मी मशीनच्या आवाजात बोलून बघितलं, तीन मिनिटांच्या आत बसतं. रडक्या आवाजात बोलू नकोस, तुला ते जमतही नाही.

आणि नाव घे. माझा भाऊ म्हणून सोडून देऊ नकोस. सेंग म्हण. त्यांच्या कायद्यात माझं नाव येणार नाही, एवढं मला कळतं. पण त्यांनी घरच्यांना धरलं, तर आपल्यासारख्या दुसऱ्या घरातल्या टोळाला कुणीतरी वेगळा बाक देईल. विलायताईला विचार, असं होतं का खरंच. ती हो म्हणाली तरी नीट बघ, डोळ्यांत बघून म्हणते की कागदात बघून.

तुझ्यासाठी एक शर्ट शिवलाय. मालकीणबाईला सांगून उरलेल्या कापडाचा. वरून बटणं दिसतात, ती शोभेची आहेत. आत टिचबटणं आहेत. कोपर छातीवर दाबलंस की लागतात, मी मुठी मिटून करून बघितलं. वरचं एक जरा कडक आहे, ते लागलं नाही तर उघडंच ठेव, मोठे लोक ठेवतात तसं. कुणाला लावायला सांगू नकोस. विलायताईलाही नको.

जाण्याआधी आई परत जीव बोलवायची पूजा घालेल. त्या वेळी तुझा दोरा तुझ्याच हाताला बांधायला सांग, कोपराच्या वर, दोन गाठी मारून. घसरला तर घसरू दे, तीन हजार कोस जायचंय, तो तुझ्याजवळ असू दे. माझ्या उजव्या हाताला आत्ता आहे तो झिजून आपोआप तुटेपर्यंत मी काढणार नाही.

परत आलास की पत्र लिही. कुणाच्याही अक्षरात चालेल, पण 'ए टोळा' असं सुरू करायला सांग.

तुझा,
सेंग

खामदीजवळ पैसे दिलेत, मोजून घे. पाऊण हजार आईला, पूजेच्या कोंबडीला आणि गुडघ्याच्या तेलाला. अर्धा हजार तुला, तिथे थंडी असते, लोकरीचं काहीतरी घे. मिळून सव्वा हजार बाट.