सहावं नाव

मेहाल मेदा,
रविवार, दुपार

प्रिय मिहरेत,

आधी एक खोटं निस्तरते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. मी गुडघ्यांसाठी तीर्थाच्या पाण्याला गेलेली नाही. तू रोज फोनवर विचारतेस, 'पाणी फार गार आहे का, आई? गर्दी आहे का?' आणि मी आपली 'हो, हो' करते. पाणी गार आहे हे खरं, पण ते इथल्या हॉटेलच्या पिंपातलं. आज आठ दिवस झाले, मी मेहाल मेदाला आहे. होय, तुझ्या हेनोकच्या काकांनी ज्या मेंझ मुलखाचं कौतुक सांगत आपल्या घरी अर्धी संध्याकाळ खाल्ली, तिथेच. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्येच बोलतेस, आणि तू मध्ये बोललीस की मला गप्प बसायला निमित्त मिळतं. म्हणून कागद घेतला.

हेनोकची चौकशी करायला आले असं तुला वाटेल आणि तुझं नाक लाल होईल. तसं नाही गं. पोरगा सोन्यासारखा आहे. जरा दम धर, सांगते.

हॉटेल म्हणजे मोठं काही डोळ्यांपुढे आणू नकोस. पुढे खानावळ, मागे अंगण, अंगणाभोवती पत्र्याच्या छपराच्या नऊ खोल्या. माझी चौथी. लोखंडी खाट, खाटेखाली प्लॅस्टिकच्या सपाता, सगळ्यांना याव्यात म्हणून आणलेल्या आणि कुणालाच न येणाऱ्या. एक बादली, कपड्यांना एक खिळा, आणि वीज गेली तर एक मेणबत्ती. इथल्याच लोकरीच्या दोन घोंगड्या, इतक्या जड की कूस बदलायची तर आधी विचार करावा लागतो. पण चादर रोज धुतलेली असते आणि दाराची कडी घट्ट लागते. एकट्या बाईला याहून जास्त काय हवं? मालकीण एतागेन्य, तिला सगळे एताग म्हणतात. साठीची, पैलवानासारखी, जिभेला हाड नाही. पहिल्या दिवशी मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "एकटी बाई, हातात एक पिशवी, आणि किती दिवस राहणार ते माहीत नाही म्हणते! नवऱ्याला सोडून आलीस की नवरा शोधायला आलीस?" मी म्हटलं, नवरा तीन वर्षांमागे वारला. "मग दुसरंच खरं," म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली. नंतर मात्र रानातला ओव्याच्या वासाचा पाला घातलेला चहा स्वतः आणून दिला. सकाळी जवाची पेज, दुपारी इंजेराची आंबट पोळी आणि शिरोचं पिठलं, रात्रीही इंजेरा आणि शिरोच. बसचे ड्रायव्हर आणि जमीन मोजणारे लोक तेवढे उतरलेले असतात. कुणी कुणाला फार विचारत नाही. एताग सगळ्यांच्या वाटचं विचारून घेते.

मिहरेत, तुला मागणी घालायला हेनोककडची वडीलधारी मंडळी आली तो रविवार आठव. काका उभे राहून म्हणाले, "आम्ही मूळचे मेहाल मेदाचे," आणि हेनोकच्या सात पिढ्यांची नावं त्यांनी घडाघडा म्हणून दाखवली. मग तू तुझी सात म्हटलीस. बाबांनी तुला शिलाई मशिनच्या टेबलावर बसवून पाठ करून घेतलेली, एकही अडखळ नाही. एक नाव सामाईक निघालं नाही, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कॉफीच्या दोन फेऱ्या दिल्या आणि तिसरी द्यायची विसरले. काका म्हणाले, "विहीणबाई, आशीर्वादाची फेरी लग्नासाठी राखून ठेवलीत वाटतं!" सगळे हसले, तूही हसलीस. माझ्या कानात मात्र मेहाल मेदा एवढंच वाजत होतं. पाहुणे गेल्यावर मी न्हाणीघरात जाऊन हेनोकची सात नावं दुधाच्या बिलामागे लिहून ठेवली, विसरायच्या आत.

कारण तुझे बाबा, देमिसेव, तुझे जन्मदाते नव्हते.

लिहिलं एकदाचं. आता उठून पाणी पिऊन आले.

मी बावीस वर्षांची असताना लस टोचायच्या पथकाबरोबर इथे आले होते. अकरा महिने होते. तेव्हा हॉटेल नव्हतं, आम्ही शाळेच्या वर्गात झोपायचो. किफ्ले त्या शाळेत गणित शिकवायचा. उंच, हडकुळा, बोलताना दुसऱ्याच्या खांद्याकडे बघणारा. लग्नाचं बोलणं आमच्या दोघांतच झालं होतं, त्याच्या घरी अजून कळलं नव्हतं. तेवढ्यात सैन्यात भरतीसाठी तरुण पोरं उचलून न्यायला लागले. त्यालाही एका सकाळी शाळेच्या फाटकातून नेलं. तू पोटात आहेस हे मला त्यानंतर दोन आठवड्यांनी कळलं. त्याला कधीच कळलं नाही. तू व्हायच्या आधीच तो उत्तरेत मारला गेल्याची बातमी आली. मी अदिसला माझ्या आईकडे परतले होते. गल्लीतला शिंपी देमिसेव आईला येऊन म्हणाला, "तिला विचारा, मी चालेन का. पोराला माझी नावं पुरतील." सगळं माहीत असूनही म्हणाला. माझ्या आईने मात्र शपथ घातली की हे चार भिंतींबाहेर जाता कामा नये. आई गेल्यावर ती शपथही गेली होती. देमिसेव मला दोनदा म्हणाले, "आता पोरीला सांग." मीच टाळलं. दोष दुसऱ्या कुणाला देण्यासारखा नाही.

तर आले. सात पिढ्यांत एक माणूस सामाईक निघाला तर ती भावंडं, तिथे लग्न नाही, हे तुला मी सांगायला नको. मेहाल मेदा केवढं, आणि इथली घराणी ती किती! दुसऱ्या दिवशी किफ्लेचं घर शोधत गेले. त्याची बहीण बेलेतेच दारात उभी राहिली. मी म्हटलं, किफ्ले माझ्या ओळखीचा होता. ती म्हणाली, "मेलेल्या माणसाची ओळख सांगायला तीस वर्षांनी कोण येतं? जमिनीचा हिस्सा मागणारी येते. आमची जमीन मोजून झाली, कागद झाले. जा बाई." दार लावून घेतलं. रागावू नकोस तिच्यावर, विधवा बाई, म्हाताऱ्या बापाला सांभाळते. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

मी हॉटेलवर येऊन पिशवी भरायला लागले, तर एताग दारात. गावात तिला कळायला किती वेळ! "बस खाली," म्हणाली. "दारोदार फिरलीस तर लोक म्हणतील, मागायला आली. बसून राहिलीस तर म्हणतील, काहीतरी द्यायला आली असेल. म्हातारा रोज माझ्याच दारावरून चर्चला जातो." आणि तिने अंगणात उन्हाला एक खुर्ची मांडून ठेवली.

तिसऱ्या दिवशी ते आले. शेवांगिझाव, तुझे आजोबा. चौऱ्याऐंशी वर्षांचे, घोंगडी पांघरलेले, काठी हातापेक्षा सरळ. सगळे त्यांना अबाबा म्हणतात, मीही तेच म्हणते. खुर्चीवर बसले आणि मोठ्याने विचारलं, "माझ्या किफ्लेचं नाव काढणारी कोण ती?" मी तुझा फोटो पुढे केला, पदवीच्या दिवशीचा. त्यांनी तो डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, परत जवळ नेला. म्हणाले, "कान माझ्या बायकोचे आहेत." चहा निवला. मग मान वर न करता म्हणाले, "वय काय हिचं?" अठ्ठावीस, मी म्हटलं. "अठ्ठावीस वर्षं मी देवाशी भांडलो, पोरी. माझा एकुलता एक मुलगा नेलास, मागे काही ठेवलं नाहीस म्हणून. भांडायचं होतं ते तुझ्याशी." आणि उठून चालायला लागले. फोटो मात्र घेऊन गेले.

मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी अबाबा परत आले. चहाही मागितला. तू काय करतेस, कशी हसतेस, गणित येतं का, सगळं विचारलं. मी सांगितलं, गणितात दोनदा नापास होता होता वाचली. तेव्हा पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, "आता खरं सांग, का आलीस?" मला सांगायची लाज वाटली, मिहरेत. तुझं लग्न ठरतंय, मला फक्त सात नावं हवी आहेत, असं मी म्हणाले. अबाबांनी काठी दोनदा जमिनीवर आपटली. "म्हणजे नात दिलीस ती परत न्यायला." खरंच होतं ते.

पण अबाबा नावं सांगायला बसले. एताग कॉफी भाजायची थांबली. मी दुधाचं बिल उलटं करून मांडीवर धरलं. किफ्ले. शेवांगिझाव. तेसेमा. वुबे. चार नावं वेगळी. पाचवं म्हणाले, वोल्दे गियोर्गिस. माझ्या कागदावर हेनोकचं पाचवं नाव वोल्दे गियोर्गिसच होतं. मी विचारलं, त्याचा बाप कोण? अबाबा थांबले. डोळे मिटले, बोटं मोजली, पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिलं. सहावं येईना. "काल होतं गं," म्हणाले, "जिभेवर होतं." एताग म्हणाली, "वोल्दे गियोर्गिस इथे प्रत्येक घरात एक असतो, अबाबा. कोंबडीला हाक मारली तरी एखादा वोल्दे गियोर्गिस ओ देईल!" कुणी हसलं नाही.

अबाबा म्हणाले, त्यांचा चुलतभाऊ पलीकडच्या डोंगरावर राहतो, त्याला ठाऊक असेल. जायला एक दिवस, यायला एक दिवस, खेचरावरून. मी नको म्हटलं, या वयात! ते म्हणाले, "मग कुणाला पाठवू? तुझ्या पोरीला?" निघताना खेचराचा लगाम धरून त्यांनी मला एकच विचारलं. "जुळलं, तर खोटं सांगू का? दुसरंच काही नाव सांगेन. मी मेलो की विचारायला कोणी नाही." मिहरेत, मी लगेच नको म्हटलं नाही. एवढं तुझ्यापासून लपवणार नाही. हेनोकबरोबर तू स्वयंपाकघरात कांदे चिरताना भांडत होतीस ते मला डोळ्यांपुढे दिसत होतं. खेचराने दोनदा मान झटकली, तेव्हा कुठे 'नको' माझ्या तोंडून निघालं. अबाबांनी मान हलवली. शाबासकी होती की दुसरं काही, कळलं नाही.

ते तीन दिवस मी या खोलीत कसे काढले ते लिहीत नाही. एतागने मला बसू दिलं नाही. डाळी निवडायला लावल्या, पडद्यांना टिपा मारायला लावल्या. आता तिच्या नऊही खोल्यांचे पडदे सरळ आहेत. दोनाचे तीन दिवस झाले तशी बेलेतेच हॉटेलच्या दारात येऊन ओरडून गेली, "माझा बाप डोंगरावर मेला तर तुझ्या दारात आणून ठेवीन!" संध्याकाळी परत आली, आणि माझ्याशेजारी डाळ निवडायला बसली.

काल दुपारी अबाबा आले. चेहरा थंडीने फुटलेला. खेचरावरून उतरायच्या आधीच म्हणाले, "देस्ता. वोल्दे गियोर्गिसचा बाप देस्ता, देस्ताचा बाप गोशू." माझ्या कागदावर नेगुसे आणि हाइलू होतं. मी दोनदा वाचलं, मग बेलेतेचने माझ्या हातून कागद घेऊन मोठ्याने वाचलं. जुळत नव्हतं. हेनोकचा वोल्दे गियोर्गिस वेगळा, तुझा वेगळा. मी अंगणातच खाली बसले. एतागने तीन फेऱ्या कॉफी केली आणि तिसरी मला स्वतःच्या हाताने पाजली, जशी काही मी आजारी होते.

कॉफी झाल्यावर अबाबांनी तुझा फोटो घोंगडीतून काढून मला परत दिला. म्हणाले, "आता तुला तोंड उघडायची गरज राहिली नाही. तिच्याकडे सात नावं आहेत, चांगल्या माणसाने दिलेली. जा, लग्न लाव." लग्नाला येऊ का असं विचारलं नाही. तिला एकदा बघू दे म्हणाले नाहीत. काही मागितलं असतं तर मला नाही म्हणता आलं असतं, इतकी वर्षं तेच तर करत आले. त्यांनी काहीच मागितलं नाही, म्हणून हे पत्र. देमिसेवची सात नावं तुझीच आहेत, ती कुणी काढून घेत नाही. ही दुसरी सात खाली लिहिते आहे. लग्नात कुठली म्हणायची, दोन्ही म्हणायची की मलाच घराबाहेर काढायचं, ते तू ठरव. पत्र उद्या पहाटेच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते. मी शुक्रवारपर्यंत इथेच आहे. अबाबांना मी तुला लिहिते आहे हे सांगितलेलं नाही. तू आली नाहीस, तर तुला विचारलं होतं हे त्यांना कधीच कळणार नाही.

किफ्ले, शेवांगिझाव, तेसेमा, वुबे, वोल्दे गियोर्गिस, देस्ता, गोशू.

तुझीच,
आई