सरकारचे गाल

४ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून शिस्त. आमचा बोका, सरकार, शुद्ध विलायती शॉर्टहेअर जातीचा आहे, यात मला शंका नाही. पिल्लू देताना ऑफिसातला अकाउंटंट म्हणाला होता, घरामागे सापडलं. आपल्याकडे काय आहे ते माणसाला कळत नाही, हेच खरं.
जातीचे निकष छापून फ्रिजवर लावले. चेहरा गोल, गाल भरलेले, मान आखूड नि जाड, छाती रुंद, पाय आखूड, केस दाट. स्वभाव शांत. महिनाअखेरीस मांजरांच्या क्लबच्या बाई घरी येऊन तपासणार. पास झाला की थेट प्रदर्शनात.
सरकारचा चेहरा सध्या त्रिकोणी आहे. वाढतं वय आहे. ही म्हणते, चार वर्षांचा घोडा झालाय.

५ फेब्रुवारी
थंडीत केस दाट होतात. खिडक्या बंद, एसी फुल. दारही बंद, कारण सरकारला जिन्याची ओढ आहे. ऑफिसला रजा टाकली. हिला स्वेटर काढून दिला, तर माझ्याकडे पाहतच राहिली. कौतुकाने असावं.

९ फेब्रुवारी
ही बहिणीकडे गेली. खिडक्या उघडल्या की फोन करा, येते, म्हणाली. भांडण वगैरे काही नाही. घर शांत झालं, सरकारच्या स्वभावाला बरंच.
सवयीने दोन कप चहा झाला.

१३ फेब्रुवारी
गालांसाठी उकडलेलं चिकन, दिवसातून चारदा. सरकार हुंगतो आणि खिडकीत जाऊन बसतो. अन्न टाकवत नाही, मीच संपवतो. उद्यापासून कमी शिजवायचं.

१४ फेब्रुवारी
कमी शिजवलं. मला पुरलं नाही.

२० फेब्रुवारी
सरकार दिवसभर काचेला नाक लावून बसतो. आज मीही शेजारी बसलो. खाली माणसं चालत होती, वाटेल तिकडे वळत होती. हिची फार आठवण आली. फोन उचलला, तेवढ्यात फ्रिजवर नजर गेली. ठेवला. आता माघार घेतली तर एवढं कुडकुडणं पाण्यात.
सरकारचे गाल मोजले. होते तेवढेच. टेप सैल झाली असणार.

२८ फेब्रुवारी, दुपार
क्लबच्या बाई आल्या. सरकारला उलटंसुलटं करून पाहिलं. तब्येत उत्तम, जात कुठलीच नाही, म्हणाल्या. मग फ्रिजवरचा कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला.
"यातलं बरंचसं या घरात आहे," त्या म्हणाल्या, "फक्त मांजरात नाही."
मी आभार मानले. जिन्यात त्या बराच वेळ हसत होत्या. कशाला, कोण जाणे.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ
खिडक्या उघडल्या. हिला फोन केला. ही लगेच निघाली. आधी फिरून येऊ, तयार होऊन खाली या, म्हणाली. दार उघडताच सरकार पसार.
आता मीही निघतो.

थोड्या वेळाने
एकही पँट कमरेवर येत नाही. महिनाभर नाडीचा पायजमा, त्यामुळे कळलंच नाही. पायजम्यावर खाली उतरायचं नाही, हा नियम लग्न झाल्या झाल्या हिनेच घातलेला.
खिडकीतून पाहिलं. ही खाली उभी, सरकार तिच्या पायाशी, शेपूट वर करून. हिने हात केला. मीही केला. बराच वेळ थांबली, मग त्याला घेऊन चालायला लागली.
मी खिडकीत बसलो आहे. स्वभाव शांत.